कराची वही कोणाच्या हाती?

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा विषय निघाला की बॉस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा प्रत्येकाला आठवतो. १६ डिसेंबर १७७३ ची ती रात्र आणि पाण्यात फेकलेल्या ३४२ पेट्या. शाळेच्या पुस्तकातून आमच्या वाट्याला एवढीच अमेरिका आली होती, आणि शाळा सोडून कारखान्यात लागल्यावर बरीच वर्षे ती तेवढीच राहिली. पुढे युनियनचे काम आटोपून रात्री सार्वजनिक वाचनालयात बसू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. चहावरचा कर लंडनने बसवलेला होता हे खरे. पण वसाहतीतल्या शेतकऱ्याच्या दाराशी दरसाल जो वसुलीदार येऊन उभा राही, तो काही लंडनचा नव्हे. तो जवळपासचाच असे. त्याच्याजवळ एक यादी असे, आणि त्या यादीप्रमाणे तो घोडासुद्धा सोडून नेऊ शके. आज बोलावयाचे आहे ते त्या यादीविषयी आणि ती लिहिणाऱ्यांविषयी.

प्रथम उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीकडे पाहू. तिथे ही वही पुष्कळ अंशी उघडी होती, आणि पुढची हकीकत समजण्यास हा फरक ठाऊक असलेला बरा. तिथे पट्टी बसे ती अशी. वसाहतीची सभा एकूण रक्कम ठरवी, त्यातला वाटा गावावर पडे, आणि गाव तो घराघरावर वाटून देई. वसाहतीची पट्टी वेगळी, गावाची वेगळी, धर्मोपदेशकाच्या पगाराची वेगळी. आकारणी करणारी माणसे गावसभेने निवडलेली असत. गावचा कारकून ठराव, जमिनीच्या वाटण्या, जन्ममृत्यू सारे एका वहीत उतरून ठेवी. जन्म, विवाह, मृत्यू, मृत्युपत्रे आणि जमिनी यांच्या नोंदी ठेवण्याचा कायदा तिथे १६३९ सालीच झाला होता. जंगल तोडून घरे उभी करणाऱ्या माणसांनी दहा वर्षांच्या आत दप्तर घातले, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

वसुलीचे काम कॉन्स्टेबलकडे असे. हा आजचा पोलिस नव्हे. गावानेच एका वर्षासाठी निवडलेला, शेती किंवा धंदा सांभाळून हे काम करणारा गृहस्थ. वसुली कमी पडली तर तूट त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून भरून घेतली जाई. म्हणून कित्येक जण दंड भरीत, पण हे पद नको म्हणत. नाण्यांचा दुष्काळ होता, त्यामुळे कर धान्यात घेत, वाटाण्यांत घेत, गुरांत घेत. लोकही काही कमी नव्हते. घरातले सर्वांत हाडके जनावर करापोटी हाकून देत. शेवटी मरतुकडी गुरे घेऊ नयेत असा हुकूम काढावा लागला!

१६४६ चा तिथला कायदा कामगाराने मुद्दाम वाचावा असा आहे. सोळा वर्षांवरील प्रत्येक पुरुषावर २० पेन्स डोईपट्टी, आणि मालमत्तेवर पौंडास एक पेनी. ज्याच्याजवळ मालमत्ता नाही, पण उन्हाळ्यात रोजी १८ पेन्सांहून अधिक मजुरी मिळते, अशा मजुराने आणि कारागिराने डोईपट्टीशिवाय वर्षास आणखी ३ शिलिंग ४ पेन्स द्यावेत असे त्यात होते. लोहार, सुतार, शिंपी, चांभार, न्हावी, गवंडी यांची कमाई अंदाजाने धरावी असेही होते. हाताच्या कौशल्याची मालमत्तेत गणना झाली ती अशी, कर लावण्याच्या वेळी.

तरीही ज्याच्यावर कर बसे तो सभेत उभा राहून बोलू शके. १६३२ साली गव्हर्नर आणि त्याच्या साहाय्यकांनी दुसऱ्या एका गावाच्या तटबंदीसाठी ६० पौंडांची पट्टी बसवली, तेव्हा वॉटरटाउनच्या लोकांनी ती देण्यास हरकत घेतली. आम्हांस न विचारता अशी पट्टी देऊ लागलो तर आम्ही आणि आमची मुले दास्यात जाऊ, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना बॉस्टनला बोलावून समज देण्यात आली, त्यांनी माफीही मागितली. परंतु त्याच वर्षी, कराच्या बाबतीत विचारविनिमय करण्यासाठी प्रत्येक वस्तीतून दोघांनी यावे असा ठराव झाला, आणि दोनच वर्षांत गावांचे प्रतिनिधी वसाहतीच्या सभेत बसू लागले.

१६८७ ची इप्सविच गावची हकीकत याहून ठसठशीत आहे. इंग्लंडच्या राजाने सर एडमंड अँड्रॉस यास गव्हर्नर करून पाठवले होते. त्याने लोकांच्या सभेला न विचारता पौंडास एक पेनी कर लावला, आणि हुकूम सोडला की प्रत्येक गावाने एक कमिशनर निवडावा; त्याने माणसांची व मालमत्तेची यादी करावी. २३ ऑगस्टला इप्सविचची गावसभा भरली. जॉन वाइज नावाचा धर्मोपदेशक पुढे होता. सभेने कर देणार नाही असे आरडून सांगितले नाही. कमिशनर निवडायचा नाही एवढेच ठरवले. यादीच झाली नाही तर कर कोणावर बसणार? ठराव गावच्या वहीत रीतसर लिहिला गेला. वाइज आणि त्याचे पाच सोबती पकडले गेले. वाइजला ५० पौंड दंड, एक हजार पौंडांचा जामीन, आणि धर्मोपदेशकाचे काम बंद, अशी शिक्षा झाली. पुढल्याच वर्षी अँड्रॉसने गावसभा वर्षातून एकदाच, अधिकारी निवडण्यापुरती भरावी असा कायदा केला. एप्रिल १६८९ मध्ये बॉस्टनच्या लोकांनी उठून त्यालाच तुरुंगात घातले.

या वह्यांची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. १७७१ सालच्या मॅसॅच्युसेट्सच्या आकारणीच्या याद्या पुष्कळशा शिल्लक आहेत. घरे, कारखाने, जहाजांचे टन, व्याजी लावलेला पैसा, घोडे, बैल, गाई, मेंढ्या, डुकरे, सायडरची पिंपे, सर्वांना रकाने आहेत. त्याच रांगेत एक रकाना ‘जन्मभराचे नोकर’ असा आहे: वय १४ ते ४५. हे नोकर म्हणजे गुलाम. त्या रकान्यात नाव नाही, आकडा आहे.

आता दक्षिणेकडे, नॉर्थ कॅरोलिना वसाहतीत जावयाचे. समुद्रकाठी जुने जमीनदार आणि व्यापारी. आत डोंगराकडच्या मुलखात १७५० च्या सुमारास आणि नंतर पेनसिल्व्हेनिया, मेरिलंड, व्हर्जिनिया इकडून आलेली शेतकरी कुटुंबे. इथे गावसभा नव्हती. मोठमोठ्या काउंट्या होत्या. त्यांचे न्यायाधीश गव्हर्नर नेमी. हे न्यायाधीश तीन नावे सुचवीत आणि त्यांतला एक गव्हर्नरच्या हुकमाने शेरीफ होई. आपल्याकडे मुंबईला शेरीफ हे पुढे मानापुरते पद झाले. तिथे मात्र करवसुली, जप्ती आणि लिलाव हे सारे शेरीफच्या हातात होते. कर म्हणजे मुख्यतः डोईपट्टी. सोळा वर्षांवरील प्रत्येक गोरा पुरुष, आणि बारा वर्षांवरील प्रत्येक काळा पुरुष व काळी स्त्री, हे एकेक डोके. गुलामांच्या डोक्यांचा कर मालक भरी. परंतु हजारो एकरांचा धनी आणि पन्नास एकरांत राबणारा, यांच्या स्वतःच्या डोक्याचा दर एकच. वसाहतीत रोख पैसा नाही, आणि शेरीफला हवा तो रोख.

आपल्या जुन्या गावगाड्यात वसुली पाटलाकडे आणि लेखन कुलकर्ण्याकडे असे. दोघांचे संगनमत झाले की रयत बुडे, पण निदान हात दोन होते. ऑरेंज काउंटीत एडमंड फॅनिंग नावाचा गृहस्थ होता. येल कॉलेजचा पदवीधर. हिल्सबरो या काउंटीच्या गावी वकील, तिथलाच दस्तनोंदणी अधिकारी, स्थानिक फौजेचा कर्नल आणि विधिमंडळाचा सभासद. जमिनीचा दस्त नोंदवावयाचा तर त्याच्याच दारात, आणि फी तो सांगेल ती. दस्त नोंदला नाही तर जमीन आपली कशी म्हणावयाची? आणि शेरीफ, न्यायाधीश, वकील ही सगळी मंडळी एका पंगतीला बसणारी.

शेरीफ किती घेतो आणि खजिन्यात किती भरतो, हे कोणालाच कळत नव्हते. कर देणाऱ्यांची यादी लोकांना पाहावयास मिळत नसे, त्यामुळे यादीत नसलेल्यांकडूनही वसूल करून खिशात घालण्यास वाव होता. आम्ही हे विरोधकांच्या तोंडचे सांगत नाही. गव्हर्नर विल्यम ट्रायन याने स्वतः १७६७ साली लिहून ठेवले आहे की, शेरीफांनी वसूल करावयाच्या सरकारी पैशांतला अर्ध्याहून अधिक पैसा गिळला. आणि याच ट्रायनने न्यू बर्न येथे स्वतःच्या राहण्याला व विधिमंडळाला म्हणून एक प्रासाद बांधावयास घेतला. त्यास १५,००० पौंड मंजूर झाले, आणि त्यासाठीही डोईपट्टीच वाढली. डोंगराकडच्या शेतकऱ्याने सव्वाशे मैलांवरचा तो वाडा कधी पाहिलाही नसेल.

पहिली तक्रार १७६५ साली ग्रॅनव्हिल काउंटीत जॉर्ज सिम्स नावाच्या एका शाळामास्तराने लिहिली. त्याची रीत आम्हांस फार आवडते. कारकुनाची फी, वकिलाची फी, शेरीफची फी ही त्याने शिलिंगांत सांगून सोडून दिली नाही. ती फेडण्यास गरीब माणसाला किती दिवस दुसऱ्याकडे राबावे लागेल, ते मांडून दाखवले. आमच्या सभांत आम्हीही हेच करतो. रुपयांचा आकडा ऐकून माणूस मान हलवतो. दिवसांचा आकडा ऐकला की तो बसल्या जागी ताठ होतो.

१७६६ च्या ऑगस्टमध्ये सँडी क्रीक भागातल्या शेतकऱ्यांनी एक जाहिरनामा हिल्सबरोच्या कोर्टात वाचून दाखवला. त्यांचा पुढारी हर्मन हजबंड. मेरिलंडमध्ये १७२४ साली जन्मलेला, क्वेकर पंथातून बाहेर पडलेला, बंदुकीला हात न लावणारा. जाहिरनाम्यात मागणे एवढेच होते की प्रत्येक भागातून माणसे निवडून एका ठिकाणी जमावे, अधिकाऱ्यांनीही तिथे यावे, आणि लोकांवर जुलूम होतो आहे की नाही याची शांतपणे चौकशी व्हावी. जागा अशी असावी की जिथे दारू मिळत नाही. म्हणून मॅडॉक याची पिठाची गिरणी सुचवली होती. सभा कुठे भरवावी याचा एवढा बारीक विचार करणारा माणूस संघटनेत मुरलेला असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१० ऑक्टोबरला लोक गिरणीवर जमले. अधिकारी आले नाहीत. फॅनिंगचा निरोप तेवढा आला, आणि त्याचा रोख असा की, चौकशी करण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? आणि ती कचेरी सोडून गिरणीवर कशी?

इथे वाचताना आम्ही पुस्तक मिटले होते. का, ते सांगतो. ऐन पंचविशीत आम्ही एका गिरणीच्या ऑफिसात पगारातल्या कपातीचे रजिस्टर पाहावयास मागितले होते. कामगारांच्या फंडाचे पैसे पगारातून कापले जात होते, पण भरले जात होते की नाही याचा पत्ता नव्हता. उत्तर मिळाले, ‘तुम्ही कोण विचारणार?’ दोन वर्षे लढून ते रजिस्टर बाहेर काढले, आणि संशय खरा ठरला. ही गोष्ट आम्ही भाषणांतून शंभर वेळा सांगितली आहे. दुसरी मात्र क्वचित सांगतो. पुढे काही वर्षांनी वर्गणीच्या वेळी एका वयस्कर विणकराने आम्हांस सर्वांदेखत विचारले, ‘भाऊ, संपफंडाचा हिशेब एकदा दाखवा ना.’ आमच्या तोंडून जे शब्द गेले ते जवळजवळ तेच होते. रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी वही काढून बसलो, तर दोन पावतीपुस्तके सापडत नव्हती. कोणी खाल्ले नव्हते. गलथानपणा होता, आणि तो आमचा होता. त्या विणकरासमोर वही ठेवली आणि जे नव्हते ते नाही म्हणून सांगितले. तेव्हापासून फॅनिंगचा निरोप आम्ही परक्याचा म्हणून वाचू शकत नाही.

गिरणीवरून रिकाम्या हाताने परतलेले लोक दीड वर्ष अर्ज करीत राहिले. १७६८ च्या वसंतात शेरीफने जाहीर केले की तो पाच ठरावीक ठिकाणीच कर घेईल, आणि तिथे येऊन न भरणाऱ्याकडून जप्तीखर्च म्हणून २ शिलिंग ८ पेन्स जादा घेईल. तेव्हा मग शेतकऱ्यांनी करार केला. कर कायद्याप्रमाणे आहे आणि ठरलेल्या कामासाठीच खर्च होतो, अशी खात्री पटेपर्यंत तो द्यावयाचा नाही. कायद्याने ठरलेल्या फीहून जास्त फी द्यावयाची नाही. खर्चासाठी वर्गणी काढावयाची. मतभेद झाल्यास बहुमत मानावयाचे. या लोकांनी स्वतःला ‘रेग्युलेटर’ म्हणवून घेतले. म्हणजे कारभार सुरळीत करणारे. युनियनच्या घटनेची पहिली चार कलमे अशीच असतात.

एप्रिलमध्ये शेरीफने एकाची घोडी खोगीर-लगामासकट करापोटी जप्त केली. शंभरएक माणसे हिल्सबरोत घुसली, घोडी सोडवून नेली, आणि जाताना फॅनिंगच्या घराच्या छपरावर गोळ्या झाडल्या. हजबंडला पकडले, लोक शेकड्यांनी चालून आले, तेव्हा त्याला सोडले. सप्टेंबरात खटले उभे राहिले. कोर्टाच्या रक्षणास ट्रायन स्वतः हजारावर फौज घेऊन आला होता. हजबंड निर्दोष सुटला. फॅनिंगवरही जादा फी घेतल्याचा खटला झाला आणि तो दोषी ठरला. दंड किती? प्रत्येक आरोपास एक पेनी.

या एका पेनीने जे केले ते सगळ्या अर्जांनी मिळून केले नव्हते. १७६९ साली लोकांनी हजबंडला विधिमंडळावर निवडून दिले. १७७० च्या डिसेंबरात त्याला तिथून काढून तुरुंगात टाकण्यात आले. त्याआधी, त्याच सप्टेंबरात, हिल्सबरोला दंगल होऊन गेली होती. रेग्युलेटर कोर्टात शिरले, वकिलांना चोपले, न्यायाधीश रिचर्ड हेंडरसन रात्री मागच्या वाटेने पळाला. फॅनिंगला फटके मारले आणि त्याचे घर मोडून टाकले. याचे समर्थन आम्ही करणार नाही. संप मोडण्यासाठी मालकाला सर्वांत उपयोगी पडतो तो आपल्यातल्याच कोणी फेकलेला पहिला दगड, हे आम्ही पाहिलेले आहे. पण त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कोर्टाची दाव्यांची वही उघडली आणि एकेका दाव्यापुढे आपल्या हाताने शेरे लिहिले: कुठे शिवी, कुठे टवाळी, कुठे फॅनिंगच्या खर्चाबद्दल टोमणा. इतकी वर्षे जी वही त्यांना दाखवली नव्हती, तिच्यात त्यांचे अक्षर उमटले. ते शेरे शिल्लक राहिले आहेत.

पुढचे सर्व भराभर घडले. जानेवारी १७७१ मध्ये विधिमंडळाने दंग्याचा कडक कायदा केला. दहा माणसे जमली तरी त्याच्या कक्षेत, आणि तो मागच्या कृत्यांनाही लागू. १६ मे १७७१ रोजी अलमान्स ओढ्याकाठी ट्रायनची फौज आणि सुमारे दोन हजार रेग्युलेटर समोरासमोर आले. पुष्कळांजवळ बंदुका नव्हत्या, तोफ तर एकही नव्हती, आणि ठरलेला सेनापतीही नव्हता. ट्रायनजवळ तोफा होत्या. हजबंड गोळीबार सुरू होण्यापूर्वीच तिथून निघून गेला होता. काही तासांत सारे संपले. जेम्स फ्यू नावाच्या एका कैद्याला खटल्यावाचून फाशी दिले. १९ जूनला हिल्सबरो येथे आणखी सहा जणांना. सहा हजारांवर लोकांनी राजनिष्ठेची शपथ घेऊन माफी मिळवली. त्याच उन्हाळ्यात ट्रायन न्यू यॉर्कचा गव्हर्नर होऊन गेला, आणि फॅनिंगलाही बरोबर घेऊन गेला.

अलमान्सला रेग्युलेटरांवर चालून आलेल्या अधिकाऱ्यांतले कित्येक जण पाच वर्षांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध, करासाठी संमती हवी म्हणून, उभे राहिले. पराभूत रेग्युलेटरांपैकी काही त्यांच्याबरोबर गेले, काही राजाकडे, आणि पुष्कळ जण कोणाकडेच नाही.

डिसेंबर १७७६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने आपली राज्यघटना केली. तिच्या पंचविसाव्या कलमात लिहिले की, ज्याच्या हाती पूर्वी किंवा पुढे सार्वजनिक पैसा आला असेल, त्याने त्याचा पुरता हिशेब देऊन रक्कम खजिन्यात भरल्याशिवाय त्यास विधिमंडळात बसता येणार नाही, की राज्यात कोणते पदही धारण करता येणार नाही. हे कलम लिहिले गेले तेव्हा हजबंड पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात जाऊन राहिला होता. तिथे १७९१ साली नव्या, स्वतंत्र अमेरिकेच्या सरकारने दारूवर कर बसवला. लहान शेतकऱ्यास तो जाचक होता, आणि १७९४ साली त्याविरुद्ध लोक उठले तेव्हा त्यांच्या सभांत सत्तरीचा हजबंड होता. त्याला पकडून फिलाडेल्फियाला नेले. तिथल्या तुरुंगात काही महिने काढून १७९५ साली तो सुटला, आणि घरी परतताना वाटेतच वारला.